साडूंच्या दाढा

निजाम सरकारच्या साऱ्या मुलखात आपल्या दातांचा माझ्या साडूंइतका अभिमान बाळगणारा दुसरा माणूस होऊन गेला असेल, यावर माझा विश्वास नाही. कुणाला मिशीचा अभिमान असतो, कुणाला बैलजोडीचा. आमच्या तहसील कचेरीतल्या पेशकारांना स्वतःच्या सहीचा होता, कारण ती आजवर कुणाला वाचता आली नव्हती. साडूंचा सगळा जीव बत्तीस दातांत होता. त्याला कारणही तसंच होतं. माजलगावच्या मोंढ्यात ते ज्वारीची पारख करीत. शेतकऱ्याची गाडी आली, पोत्याचं तोंड सुटलं, की साडू चिमूटभर दाणे तळहातावर घेत, त्यातला एक उजव्या दाढेखाली ठेवत, डोळे मिटत आणि फोडत. 'कट्' असा बारीक आवाज येई. मग डोळे उघडून ते निकाल सांगत. "वाळलेली हाय. काळ्या रानातली. पेवात ठिवली न्हाई." नाहीतर, "नरम हाय. दोन उन्हं द्या, मंग आना." तेवढ्यावर घेणारा घेई आणि देणारा देई. तहसीलदारांच्या निकालावर सुभेदारीत अपील होत असे. साडूंच्या निकालावर अपील झाल्याचं मी ऐकलं नाही.

अशा दातांची निगाही तशीच राखली जाई. पहाटे उठून निंबाची काडी घेऊन ते ओसरीवर बसत, ते ऊन पायरीवर येईपर्यंत. तेवढ्या वेळात आमच्या कचेरीतले माझ्यासारखे दोन अहलकार, म्हणजे कारकून, आंघोळ, न्याहारी आणि भांडण उरकून कामाला लागत. ऊस ते दातांनी सोलत नसत, सुपारी फोडत नसत, थंडीच्या दिवसांत वाऱ्याकडे तोंड करून हसत नसत. पानाला तर त्यांनी जन्मात हात लावला नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की ती ते दोन बोटांनी उचलून शेजाऱ्याच्या पानात ठेवत. म्हणून त्यांच्या शेजारी बसायला पंगतीत झुंबड उडे आणि साडूंना वाटे, हा आपल्या शब्दाचा मान आहे.

माणसांची पारखसुद्धा ते त्याच वाटेनं करीत. माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा मुलीकडून थोरले जावई म्हणून हेच मला पाहायला आले. शिक्षण विचारलं नाही, कुळ विचारलं नाही, उर्दूची परीक्षा मी पहिल्या नंबरानं पास झालो होतो ते मी आपणहून सांगितलं तर ऐकलंसुद्धा नाही. खिशातून ज्वारीचा दाणा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "फोडा." मी फोडला. त्यांनी कान देऊन ऐकलं, थोडा विचार केला आणि माझ्या वडलांना म्हणाले, "चालंल. मागची दाढ जरा आळशी हाय, पन पोरगं खोटं न्हाई." त्या एका वाक्यावर मला बायको मिळाली. मला ते तेव्हापासून 'अहलकारसाब' म्हणत, पण त्यात आदर किती आणि दाढेवरचा शेरा किती हे मला कधी कळलं नाही.

आता अशा माणसानं झोपेत दात खावेत, हा दैवाचा अन्यायच म्हणायचा. दुपारी मोंढ्यातून आल्यावर ते ओसरीवर घोंगडीवर आडवे होत, आणि थोड्याच वेळात करकर सुरू होई. गल्लीतून जाणारी बाई आत डोकावून विचारी, "आक्का, भर दुपारी दळाय बसलाव का वो?" अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दारातूनच सांगे, "दळन न्हाई बाई, मालक निजल्यात." झोपेतही साडू नुसते दात खात नसत, निकालही देत. मधेच मोठ्यानं म्हणत, "कच्ची हाय! परत न्या!" आणि पुन्हा करकर. माझी खात्री आहे की दिवसा जेवढी पोती ते तपासत त्याच्या दुप्पट झोपेत तपासत.

आधी सगळ्यांनी ठरवलं की पोटात जंत झालेत. झोपेत दात खाणाऱ्याला आपल्याकडे दुसरा रोग होतच नाही. साडूंना महिनाभर वावडिंग दिलं गेलं. जंत नव्हतेच, त्यामुळे ते गेले की राहिले हे कळायला मार्ग नव्हता. करकर मात्र होती तशीच राहिली. मग एकदा उजव्या दाढेवरून दाणा निसटला. फोडायला गेले आणि दाणा जिभेवर आला. साडू तसेच उठले आणि मला घेऊन शफाखान्यातल्या बुजुर्ग हकीमसाहेबांकडे आले. हकीमसाहेबांनी त्यांचं तोंड उजेडाकडे करून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "दातां घिस रै, मियाँ. सोते वखत बीच में कुच नरम चीज रख लेव. नै तो ये दातां तुमारे साथ नै आते."

त्या दिवशी साडू घरी परतताना वाटभर जिभेनं दाढा चाचपत होते. ओसरीवर बसल्यावर म्हणाले, "अहलकारसाब, ह्या दाढा गेल्या तर मोंढ्यात मला कोन इचारनार? मी काय नुस्तं पोतं उचलायचं?" माणूस घाबरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांना मूल नव्हतं, शेत भावांकडे गेलेलं. जे काही होतं ते तोंडात होतं.

पहिला प्रयोग कापडाचा झाला. अक्कानं जुन्या धोतराची चार पदरी पट्टी शिवून दिली. ती दातांत धरून साडू निजले आणि आठ दिवसांत तिच्या दशा झाल्या. साडूंनी ती पट्टी सकाळी उन्हात धरली, बोटांनी चाचपली आणि मोंढ्यातल्या आवाजात निकाल दिला, "रद्दी माल." मी म्हटलं, दाढा तर सुखरूप आहेत ना? ते म्हणाले, "दाढा हाइत हो. पन माल टिकला पायजे का न्हाई?" तिथेच मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण उन्हाळ्याचे दिवस होते, अक्कानं पन्हं दिलं होतं, आणि टिकाऊ माल घ्यावा यात मलाही काही वावगं दिसलं नाही.

मग चामडं. जुन्या मोटेचा एक मऊ तुकडा जोडे शिवणाऱ्याकडून बेतून घेतला. तो पंधरा दिवस टिकला. त्या पंधरा दिवसांत गल्लीतलं एक तांबडं कुत्रं साडूंच्या मागे मोंढ्यापर्यंत जाऊ लागलं. साडू पारख करायला उभे राहिले की ते समोर बसे आणि त्यांच्या तोंडाकडे अत्यंत प्रेमानं बघे. शेतकरी हसू लागले. सोळाव्या दिवशी चामड्याला भोक पडलं, साडूंनी ते कुत्र्याला दिलं आणि दोघांचा संबंध संपला.

तिसरी पाळी बाभळीच्या लाकडाची. सुतार म्हणाला, माप तुम्हीच द्या. तोंडाचं माप मी कसं घेऊ? तेव्हा साडूंनी घट्ट कणकेचा एक लांबट गोळा करून त्यात दोन्ही दाढा रोवल्या आणि तो गोळा वाळायला चुलीच्या वैलाजवळ ठेवून ते मोंढ्यात गेले. तो दिवस शुक्रवारचा होता. शुक्रवारी आमच्या कचेरीला सुट्टी, आणि सुट्टीला मी अक्काकडे जेवायला असे. गेलो तेव्हा अक्का पाण्याला गेली होती, मला भूक लागली होती, आणि वैलाजवळ छान खरपूस भाजलेला पानगा होता. वर बोटांचे ठसे असतात तसे काही खळगे होते. मी तो दुधात कुस्करून खाल्ला. चवीला बरा होता. साडू आले, त्यांनी वैलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. "अहलकारसाब," ते शांतपणे म्हणाले, "माझा जबडा कुटं हाय?"

पुन्हा माप देऊन सुतारानं तासून दिलेलं ते लाकूड दीड महिना चाललं. हकीमसाहेबांना भेटून मी सांगितलं, तर ते म्हणाले, लकडी नक्को, सख्त है. हे मी साडूंना कळवलं. पण साडूंच्या डोळ्यांपुढे लाकडावर उमटलेले दाढांचे खड्डे होते. ज्या मालात खड्डा पडतो तो माल कच्चा, हे त्यांना तीस वर्षांच्या धंद्यानं शिकवलं होतं. मोंढ्यात जे दाताखाली दबतं ते परत जातं आणि जे दबत नाही त्याला भाव येतो. आपण इथे माल घेत नसून दात राखत आहोत, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येईना. माझ्या तरी कुठे आली? हकीमसाहेबांचा निरोप मी कचेरीतला कागद पोचवावा तसा पोचवला आणि विसरलो.

आणि पुढची सूचना माझी होती. हे मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही. दसऱ्याच्या सुमारास अक्काच्या जात्याला टाकी लावायला पाथरवट आला होता. ते जातं अक्काच्या आजेसासूचं. पाथरवट छिन्नीनं टकटक करत होता, साडू हातातलं बाभळीचं लाकूड निरखत खिन्न बसले होते, आणि मी सहज बोलून गेलो, "साडूभाऊ, टिकाऊ म्हणाल तर हा काळा दगड. तीन पिढ्या दळतोय, अजून आहे." साडूंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत जो आनंद चमकला तो मला अजून दिसतो. पाथरवटाला त्यांनी विचारलं, "एवढासा, करंगळीएवढा तुकडा दाढंत बसंल असा घासून देशील का? टिकंल का बे?"

पाथरवट म्हणाला, "तुमी जाल मालक, त्यो न्हाई जायचा."

अक्का पाथरवटाला द्यायला पदरात पीठ घेऊन दाराआड उभी होती. ती म्हणाली, "दगड टिकंल वो. पन जात्यात पीठ कुनाचं व्हतंय, ते तर इचारा." आम्ही दोघंही हसलो. बायकांना धंद्यातलं काय कळतं, असं साडू म्हणाले, आणि उर्दूच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मी त्यावर मान डोलावली. त्या हसण्याची लाज मला पुढे जन्मभर पुरली.

दगड फार सुरेख झाला होता, हे कबूल करायला हवं. दोन बाजूंना दोन गुळगुळीत काळे तुकडे, मधे रेशमी गोफ, आणि झोपेत गिळला जाऊ नये म्हणून गोफाचं एक टोक कानाला अडकवलेलं. दात खाण्याचा आवाज बदलला. आधी करकर होती, आता घरघर झाली. त्या हिवाळ्यात साडू हुरड्याला कुठे गेले नाहीत, अक्कानं वाढलेल्या भाकरीच्या कडा ताटात राहू लागल्या. पण रोज सकाळी ते दगड धुऊन उन्हात धरत आणि समाधानानं परत रुमालात बांधत. तो रुमाल ते मोंढ्यातही नेत. "बगा, हात लावून बगा. चार महिने झाले, एक तरी चरा हाय का?" एकही चरा नसे. आडतीवरची माणसं माना डोलवत. एकानं तर आपल्या सासऱ्यासाठी तसाच दगड सांगून ठेवला.

पाडवा होऊन गेला आणि नवी ज्वारी मोंढ्यात येऊ लागली. मी एका शुक्रवारी वर्षाची ज्वारी घ्यायला गेलो होतो, साडूंच्या पसंतीनं घ्यावी म्हणून. सिंदफणा नदीपलीकडून एक शेतकरीण स्वतः गाडी हाकत आली होती. पन्नाशीची, उंच, कासोटा घट्ट खोवलेला. पोतं सुटलं. साडूंनी दाणा उजव्या दाढेखाली घेतला, डोळे मिटले. आवाज आला नाही. त्यांनी दाणा डाव्या दाढेखाली घेतला. आवाज आला नाही. जबडा नुसता हळूहळू फिरत राहिला, दाणा इकडून तिकडे सरकत राहिला. भोवतीची माणसं नेहमीसारखी कान देऊन उभी होती. शेवटी साडू म्हणाले, "नरम हाय. दोन उन्हं द्या."

बाई पुढं सरसावली. "नरम? आवं, पंधरा दिस खळ्यावर वाळविली मी. खळ्यावरच निजत व्हते. कावून नरम म्हंता?"

आडतीचा माणूस पोत्याचं तोंड बांधायला वाकलासुद्धा. साडूंच्या शब्दापुढे तिचं कोण ऐकणार? तेव्हा तिनं पोत्यात हात घातला, एक दाणा घेतला आणि साडूंच्या अगदी समोर उभी राहून दाताखाली धरला.

कट्.

इतका स्वच्छ आवाज मी त्या वर्षी मोंढ्यात ऐकला नव्हता.  साडूंना दुसरं काहीही म्हणता आलं असतं. एखादा दाणा असतो वाळलेला, असं म्हणाले असते तर सगळ्यांनी मान्य केलं असतं, कारण तीस वर्षांत ते खोटं बोलले नव्हते. ते वळले आणि तराजूपाशी बसलेल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "बाईचं खरं हाय. जवारी खडखडीत वाळलेली हाय. काळ्या रानातली. माझ्या दाढा गेल्या." आणि बाईंना हात जोडून ते घराकडे चालू लागले.

मी मागोमाग गेलो. ओसरीवर बसून त्यांनी रुमाल सोडला, दगड तळहातावर घेतला, उलटून पालटून बघितला आणि माझ्यापुढे धरला. पाथरवटानं दिला तसाच होता तो, कदाचित थोडा जास्तच गुळगुळीत. "माल चांगला निघाला, अहलकारसाब," ते म्हणाले. त्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. साडूच माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तुमी कावून रडता? दाढा काय तुमच्या गेल्या?"

त्यानंतर साडू मोंढ्यात गेले नाहीत. आडतीवरून दोनदा बोलावणं आलं, नुसतं येऊन बसा म्हणून. ते म्हणाले, "नुस्तं बसायला देवळात बसंन." देवळातही गेले नाहीत. ओसरीवरच बसत. अक्का दुधात भाकरी भिजवून देई, ती खात, आणि गल्लीतून धान्याची गाडी गेली की आत उठून जात. निंबाची काडी सुटली. एकदा पंगतीत त्यांनी जिलबी खाल्ली. शेजारी बसलेला माणूस बिचारा शेवटपर्यंत वाट बघत होता. मला तर त्यांच्यासमोर भाकरी चावायचीसुद्धा चोरी वाटे.

पुढल्या सुगीत ती सिंदफणेपलीकडची बाई पुन्हा गाडी घेऊन आली. पोतं उघडायला तिनं साफ नकार दिला. आधी ते पारखी कुठे आहेत ते सांगा, म्हणाली. त्यांना दात राहिले नाहीत, असं आडतीवर सांगितलं, तर म्हणाली, "कान हाइत न्हवं? माझा दाना त्येंनी कानानंच वळखला व्हता. सगळ्यांम्होरं खरं बोलले ते. त्येंनी ऐकल्याबिगर मी जवारी घालत न्हाई." आणि फडक्यात मूठभर ज्वारी बांधून तिनं ती हमालाकरवी साडूंच्या घरी पाठवली.

आज साडूही नाहीत आणि अक्काही नाही. त्या मोंढ्यात आता कुणीही दाणा कसाही फोडतं. पण साडू मला आठवतात ते ती मूठभर ज्वारी घरी आली त्या शुक्रवारचे. मी नेहमीसारखा जेवायला म्हणून गेलो होतो. दार सताड उघडं होतं, अंगणात हमाल पाठ करून विडी ओढत बसला होता. ओसरीवर फडकं पसरलेलं, त्यावर ज्वारी, आणि शेजारी एकाच घोंगडीवर साडू आणि अक्का. त्या दोघांना एका घोंगडीवर बसलेलं मी त्या घरात इतकी वर्षं जाऊन कधी पाहिलं नव्हतं. अक्का आमच्यादेखत त्यांच्याशी बोलायची तीसुद्धा दाराच्या आडून. आता ती डोक्यावरचा पदर सावरत, पाठ ताठ करून, फोटो काढायला बसावं तशी बसली होती, आणि साडू डोळे मिटून तिच्या गालाला कान लावून होते. 'कट्' असा आवाज मला उंबऱ्यापर्यंत आला.

"ह्या गालाला नीट ऐकू येईना," साडू म्हणाले. "त्या गालाला फोड."

"आवो, दार उघडं हाय," अक्का तोंडातल्या दाण्यासकट म्हणाली.

"असू दे."

मी उंबऱ्यातूनच मागं फिरलो आणि गल्लीत जाऊन उभा राहिलो. आत पुन्हा एक दाणा फुटला, मग आणखी एक. निकाल यायला बराच वेळ लागला.